चाळीस मेंढरांचा पन्हा

मेंढराचा कान किती लांब असावा, यावरनं आमच्या खोलीत भांडण लागलं, त्या दिशी संपाला चारशे बावीस दिवस झालं व्हतं. चाळीच्या जिन्याखाली फळा व्हता, त्यावर कोनीतरी रोज आकडा लिवायचं, म्हणून ध्यानात ऱ्हायलं.

"म्हातारीचा कान चार बोटं!" माझा भाऊ दौलत ताटावरनं उठून वरडत व्हता. "आन् तिच्या लेकीचा ईतभर! बाला इचारा माझ्या."

"सगळ्यांचा पाच इंच," आमचं धनी शांतपनं भाकरी मोडत म्हनालं. "मी सोता टेप लावलीया."

"सगळ्यांचा पाच? दाजी, मेंढरं हायत का कपबशा?"

म्हातारी म्हंजी त्याची म्हातारी मेंढी, आनि बा आमचा मरून नऊ वर्सं झालेला. त्याला इचारायला कोन जानार? मी तव्यावरची भाकरी उलथली आन् दोघांना म्हनलं, "जेवा गप. कानानं पोट भरत न्हाय."

आता तुमास्नी वाटंल, लालबागच्या चाळीत मेंढराच्या कानाचं काय काम! मलाबी तेच वाटत व्हतं. मी शेवंती, माझी खानावळ. जातीनं आमी धनगर, माण तालुक्यातलं. लगीन होऊन मुंबईला आले तवापासनं मिलीतल्या वीस-वीस मानसांना दोन टायमाला जेवू घातलं. संप लागला आन् निम्मी गावाकडं गेली. उरलेल्यांसाठनं आमटीत रोज एक तांब्या पानी जास्त पडत गेलं. धन्याचं नाव घ्यायचं न्हाय म्हनत्यात, पन हितं घ्यावं लागतंय. धोंडू. फोल्डिंग खात्यात एकतीस वर्सं कापड मापलं त्यांनी. थान टेबलावर घ्यायचं, पन्हा म्हंजी कापडाची रुंदी मापायची, लांबी मापायची, घडी घालायची. संपात त्या हातांना काम न्हाय म्हणून दिवसभर घरातल्या वस्तू मापायचं. माझ्या लाटण्याची लांबी त्यांना तोंडपाठ व्हती. माझं डोकं फिरायची येळ आलेली.

तेवढ्यात दौलत मुंबईला आला, एकटा न्हाय, चाळीस मेंढरं घिऊन!

त्याचं असं झालं. मेंढरांचं बघनारी एक सरकारी कचेरी. तिला खबर लागली की, माणात दौलतकडं जुन्या वाणाची मेंढरं हायत, आज्यापणज्यापासनं बाहेरचा मेंढा कळपात आलेला न्हाय. कचेरी म्हनली, ह्यांची मापं घ्यायला पायजेत. साहेबानं माणला जायचं ठरलं. पन साहेब म्हनला, माणात ऊन लई. मग काय, माणच ट्रकात घालून साहेबाकडं आनलं. कॉटन ग्रीनची कापसाची गोडाऊनं संपामुळं वस पडलेली. त्यातलं एक घेतलं आन् त्यात पस्तीस मेंढ्या आन् पाच मेंढं कोंडलं. जिथं कापसाच्या गाठी असायच्या तिथं लेंड्यांचा सडा. दौलत तिथंच घोंगडं टाकून पडायचा आन् जेवायला माझ्याकडं यायचा. आंघोळ करून आला तरी अंगाला वास मेंढराचा. घरात पाऊल टाकलं की शेजारची मालवणी कौसल्या म्हनायची, "वयनी, तुमचो भाव इलो वाटता."

कचेरीतनं मृणालिनीबाई आल्या. तरुण, चष्मेवाल्या, बोलायला गोड. मेंढीच्या पाठीवरनं हात फिरवताना त्यांना घान वाटली न्हाय, म्हणून मला आवडल्या. गोडाऊनात त्यांनी आमाला उभं करून सगळं समजावून सांगितलं.

"हे बघा दौलतराव, उंची, छाती, लांबी, कान, शेपूट, सगळं मोजायचं. मापं वेगवेगळी आली तर समजायचं, कळपाच्या रक्तात विविधता आहे, कळप सशक्त आहे. मग तुमचे मेंढे तुमचेच. पण सगळी मापं सारखीच आली तर रक्त एकातच फिरतंय असा अर्थ होतो. तसं झालं तर पाचही मेंढे खच्ची करून तुम्हाला परदेशी मेंढे द्यायचे, असा वरचा आदेश आहे."

"रक्त तपासा की मग!" दौलत म्हनला.

"घेतलंय रक्त. त्याचा निकाल यायला दोन वर्षं लागतात. तोपर्यंत टेप म्हणेल ते खरं."

दौलतचं तोंड काळं ठिक्कर पडलं. त्या पाचातला एक मेंढा व्हता, राघूवानी नाकाचा. त्याच्या बापाला माझ्या बानं गावच्या जत्रंत खांद्यावर नाचिवलेला. दौलत त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभा ऱ्हायला आन् डोळं पुसाय लागला.

"मोजायला हात बसलेला माणूस हवा," बाई म्हनाल्या.

आन् मी, माझ्या जिभेला हाड न्हाय, मी म्हनलं, "आमच्या ह्यांच्याएवढा हात अख्ख्या गिरणगावात कोनाचा बसला नसंल." धनी शेजारीच व्हतं. सगळं त्यांनी कानानं ऐकलेलं. ताठ झालं, टेप खिशातनं काढली. बाईंनी त्यांना रोजावर घेतलं.

अकरा दिवस मापणी चालली. रोज सकाळी धुतलेला सदरा घालून धनी मेंढरं मापायला जायचं, मिलीत जात व्हतं तसं. मला बरं वाटलं. लाटण्याची सुटका झाली.

आन् अकराव्या दिशी जेवताना हे कानाचं भांडण.

दौलत काही केल्या खाली बसंना. "मला सांगा दाजी, उंची किती भरली?"

"चोवीस."

"कोनाची?"

"सगळ्यांची."

"राघूनाक्याची?"

"चोवीस."

"त्याच्या पोटाखालनं जानाऱ्या त्या बुटकीची?"

"चोवीस," धनी म्हनालं, आन् मग माझ्याकडं बघून हसलं. लई दिवसांनी हसलं. "शेवंते, येकबी मेंढरू कमी भरू दिलं न्हाय मी."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. मिलीत असं व्हतं बघा, पन्हा अर्धा इंच कमी भरला की साचेवाल्याची, म्हंजी माग चालवनाऱ्याची, मजुरी कापायची. धन्यानं एकतीस वर्सं ती कापू दिली न्हाय. थान कमी भरलं की अंगठ्यानं हळूच ताणायचं आन् पुरं लिवायचं. दुसरं थान जास्ती भरलं की त्यातलं जास्तीचं ह्याच्या नावावर. सगळं खातं असंच करायचं. त्यामुळं कुना साचेवाल्याच्या घरची चूल इझली न्हाय. त्याबद्दल धन्याला लालबागेत मान व्हता, आजबी हाय. आन् तोच धर्म त्यांनी मेंढरांना लावला!

"अहो, पन बाईंनी सांगितलं न्हवतं का," मी कपाळ बडवलं, "सारखं आलं की मेंढं खच्ची म्हणून?"

"सांगितलं. पन मला एक सांग, एकतीस वर्सांत माप पुरं भरलं म्हणून कुनाला शिक्षा झालेली बघितलीस तू? हे साहेब लोक बोलत्यात एक. वरनं तपासायला आलं की कमी-जास्ती दिसलं त्यालाच धरत्यात. मी बुटकीला वरनं दीड इंच दिला. राघूनाक्याचं दोन काढलं, ते तिघींत वाटलं. एकूण बेरीज घे, एक सूत फरक निघाला तर ही टेप गिळून दाखवतो."

दौलत भिंतीला टेकून खाली बसला. "आक्का, तुझ्या नवऱ्यानं माझ्या कळपाचं रेशनिंग केलं गं."

दुसऱ्या दिशी आमी तिघं बाईंकडं पळालो. बाई टेबलावर डोकं धरून बसलेल्या.

"धोंडूभाऊ, चाळीस जनावरं, प्रत्येकाला नऊ मापं, आणि सगळी एकसारखी! मी दुपारी बघणार होते, तर मोठ्या साहेबांनी सकाळीच तक्ता वर नेला. ते म्हणाले, इतका एकजात कळप त्यांनी जन्मात पाहिला नाही. गुरुवारी मेंढे खच्ची करायचा हुकूम निघालाय."

"पुन्ना मापा की बाई," मी म्हनलं.

"मापता येईल. पण ज्यानं मापलं त्यानं लिहून द्यायला हवं, आधीचं माप चुकलं होतं म्हणून. तसा नियम आहे."

आमी धन्याकडं बघितलं. धन्याच्या मानेची शीर फुगली.

"चुकलं? माझं माप? माझ्या मापावर मालकानं कधी बोट ठेवलं न्हाय. चारशे दिवस झालं संपाला, लई जण बाबापुता करून आत गेलं, मी चुकलो म्हणून कुनापुढं मान खाली घातली न्हाय. आता मेंढरापायी घालू?"

"मेंढरापायी न्हाय, माझ्या भावापायी घाला," मी म्हनलं.

न्हाय म्हंजी न्हाय. दगड बरा. तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले न्हाय. ताट आदळायचे आन् आत जायचे. धनी मुकाट जेवायचं आन् ताटाचा घेर मापायचं.

बुधवार उजाडला. दौलतनं गोडाऊनचं दार उघडलं, मेंढरं बाहेर काढली आन् मला निरोप धाडला, "आक्का, मी चालत जातो माणला. आपल्या मानसांना चालायचं काय नवं हाय! तू मला ठाण्याचा रस्ता तेवढा दाव." मी भाकरी फडक्यात बांधली आन् निघाले. पुढं मी, मागं चाळीस मेंढरं, त्यामागं काठी घिऊन दौलत. आन् वीस पावलं सोडून धनी. रुसलेलं, पन येत व्हतं.

आता मुंबईत तीस वर्सं काढलेल्या बाईला एवढं कळायला पायजे व्हतं की नेमका त्या दिशी मोर्चा हाय. लालबागच्या नाक्यावर गेलो तर समूर पोलिसांची भिंत. जमावबंदी लागलेली. एक तरणा फौजदार पुढं आला. त्यानं मेंढरांकडं बघितलं, मेंढरांनी त्याच्याकडं. राघूनाक्या तर थेट त्याच्या बुटापाशी गेला आन् मुतला.

"जमावबंदी आहे, ठाऊक नाही?" फौजदार म्हनला. "पाचाच्या वर जमता येत नाही."

"आमी तिघंच हाय साहेब," मी म्हनलं.

"आणि हे?"

"हे मेंढरं."

फौजदार बोटानं मेंढरं मोजाय लागला. नायगावच्या पोलीस लायनीतला उत्तम हवालदार त्याच्या शेजारी व्हता, पूर्वी माझ्याकडं जेवून गेलेला. त्यो हळूच म्हनला, "साहेब, ही सरकारी गोडाऊनातली मेंढरं वाटत्यात. दोन महिन्यांपूर्वी ट्रक मीच आत सोडला व्हता."

झालं! सरकारी मेंढरं पळवल्याचा गुन्हा. आमाला चौकीच्या आवारात नेलं. बातमी पसरली तशी संपवाली मानसं कुंपनाबाहेर जमली. मोर्चा ऱ्हायला बाजूला, मेंढरं बघायला ही गर्दी! फोल्डिंग खात्यातली, धन्याच्या सोबतीनं काम केलेली सगळी मानसं पुढं.

उत्तम हवालदारानं पंचनाम्याला कागद घेतला आन् लिवलं, मेंढरं, नग चाळीस.

"असं चालणार नाही," फौजदार म्हनला. "एखादं बदललं तर माझी नोकरी जाईल. प्रत्येकाचं वर्णन हवं. रंग, उंची, कान, सगळं. पंचांसमक्ष."

पंच म्हणून एक पानवाला धरून आनला आन् दुसरी चंपा कोळीण. ती शिवडीकडनं पाटी घिऊन चाललेली, तिलाबी आत घेतली. ती मासळीची पाटी सावलीला ठिवून कमरेवर हात दिऊन उभी ऱ्हायली.

"मापणार कोण?" फौजदारानं इचारलं.

बाहेरनं पाच-पन्नास मानसं एका आवाजात वरडली, "धोंडू! धोंडूच्या हातात टेप द्या!"

धनी पुढं आलं. हितं खरं माप सांगावं तर गोडाऊनातलं खोटं ठरनार, तेबी सगळ्या खात्यादेखत. आन् खोटं सांगावं तर उद्या गुरुवार. पयला राघूनाक्या. धन्यानं टेप खुरापासनं खांद्यापतुर धरली. लई येळ धरली.

"किती?" उत्तम हवालदारानं पेन टेकवला.

"चोवीस," धनी म्हनालं.

"अरं ए बाबा!" चंपा कडाडली. "मना काय आंधली समजलास? पापलेट हातात न घेता वजन सांगतंय मी. त्यो चोवीस नाय, सव्वीस हाय! मी अंगठा उठवायची नाय खोट्यावर."

धनी तसंच वाकून ऱ्हायलं. मग माझं तीन दिवसांचं मौन सुटलं. मी म्हनलं, "अहो, तुमी साचेवाल्यांची मजुरी कापू दिली न्हाय, लई पुण्य केलं. पन ह्या राघूनाक्याची मजुरी न्हाय कापायची उद्या. त्याचं काय कापायचंय ते तुमाला ठावं हाय."

कुंपनाबाहेर हशा पिकला. फौजदारबी तोंड फिरवून हसला. धनी हसलं न्हाय. त्यांनी सोबत्यांकडं एकदा बघितलं, मग राघूनाक्याच्या डोळ्यांत बघितलं आन् मिलीत साच्यांच्या आवाजावरनं वरडायचं तसं वरडलं, "उंची सव्वीस! छाती बत्तीस! कान सव्वापाच! लिवा हवालदार, आन् आधीचं माझं माप चुकलं व्हतं, तेबी लिवा!"

मला रडू फुटलं. दौलत तर उघड रडत व्हता.

मग काय, तीन तास! बुटकी साडेबावीस. म्हातारीचा कान खरंच चार बोटं निघाला, तवा दौलतनं अशी आरोळी ठोकली की पानवाला दचकला. एकीची शेपूट आखूड, एकीची पाठ लांब, एक भुंडी, एकीच्या गळ्याला दोन लोलक. दौलत दर मेंढीची आई, आजी सांगायचा, उत्तम हवालदार तीबी लिवून घ्यायचा. "चाळिसांत दोन सारखी न्हायत साहेब," त्यो बोटं चोळत म्हनला, "येकदा आमच्या लायनीतल्या मानसांची मापं घ्यायला पायजेत."

दुपारी मृणालिनीबाई घामाघूम होऊन आल्या. गोडाऊन रिकामं बघून त्यांचा जीव उडालेला. त्यांनी पंचनामा हातात घेतला, उभ्याउभ्या वाचला आन् चष्मा काढून पुसला. "फौजदारसाहेब, याची नक्कल मिळेल?"

"नक्कल मिळेल. पण मेंढरं नाही मिळणार. ती आता मुद्देमाल आहेत."

"पण उद्या यांचे मेंढे खच्ची करायचेत, हुकूम आहे."

"अजिबात नाही!" फौजदार टेबलावर हात मारून म्हनला. "पंचनाम्यात पाच नर, सर्व अवयव शाबूत, असं लिहिलंय. मुद्देमालातली एक वस्तू कमी झाली तर कोर्टाला मी काय दाखवू?"

बाईंनी त्याला दोन्ही हातांनी नमस्कार केला. कशापायी, ते त्याला कळलं न्हाय.

दीड महिना मेंढरं चौकीच्या आवारात ऱ्हायली. येनारी-जानारी पाला टाकायची. चंपा रोज राघूनाक्याला बघून जायची. बाईंनी पंचनाम्याची नक्कल मोठ्या साहेबापुढं ठिवली. साहेब लई तडकला म्हनं, पन सही-शिक्क्याचा पोलिसी कागद, करतोय काय? शेवटी लिवून आलं की कळपात भरपूर विविधता आहे, मेंढे खच्ची करू नयेत, मालकास परत द्यावेत. गुन्हाबी कचेरीनं मागं घेतला. ट्रकात चढताना दौलत धन्याच्या पाया पडला आन् म्हनला, "दाजी, तुमी माझा कळप बुडवलाबी आन् तारलाबी." राघूनाक्या फळीवरनं मान काढून लालबाग बघत गेला.

त्यानंतर आठ दिवसांनी पाकीट आलं, धन्याच्या नावाचं. मी कौसल्याकडनं वाचून घेतलं. धोंडू नामक इसमाचे मोजमाप विश्वासार्ह नसल्याचे आढळून आल्याने त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली सही, गोल शिक्का.

दोन दिवस मी ते डब्याखाली दडवलं. एकतीस वर्सं मापात मान कमावलेला मानूस, ह्यानं खचून जाईल असं वाटलं. तिसऱ्या दिशी त्यांनीच ते काढलं. दोनदा वाचलं. मग उठलं, धुतलेला सदरा घातला आन् कागद घिऊन मिलीच्या गेटवर गेलं. मी घाबरून मागं पळाले.

गेटवर खात्यातली मानसं बसलेली. धन्यानं कागद वर धरला.

"बघा रं! मला कामावरनं काढलं! सही-शिक्क्यानिशी!"

कोन हसलं न्हाय. कागद एकाच्या हातातनं दुसऱ्याच्या हातात गेला. शिक्क्यावरनं बोट फिरवून बघितलं एकानं. एकतीस वर्सं ज्या मिलीत झिजली, तिनं ठेवलंय का काढलंय, एवढंसुदिक कुनाला कळवलं न्हवतं. गेटला कुलूप, बास. आन् ह्या मेंढरांच्या कचेरीनं अकरा दिवसांच्या मानसाला नावानिशी, तारखेनिशी कळवलं व्हतं.

दुसऱ्या दिशी सकाळी फोल्डिंग खात्याची सात मानसं माझ्या दारात. बसायला पाट दिला तरी बसंनात.

"वैनी," त्यातला एक म्हनला, "दौलतला इचारा की, आनखी मेंढरं हायत का मापायची?"

"कशापायी?"

"आमीबी चुकीची मापतो. आमालाबी कागद मिळू दे."